फेसवॉशच्या नळीवरील बारीक अक्षरे

नेरळ स्थानकावरून कळंबच्या वाटेला लागले की माथेरानचा डोंगर पाठीमागे राहतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे सुरू होतात. कर्जत तालुक्यातील हे गाव आसपासच्या शेतकरी वस्त्यांचे आणि ठाकूर-कातकरी वाड्यांचे खरेदीचे ठिकाण आहे. अशा गावच्या किराणा दुकानात एके काळी तोंड धुण्याच्या वस्तूंना अर्धी फळी पुरत असे. अंगाचा साबण, तोच तोंडाला. मुलतानी मातीची पुडी. आश्विन सरत आला की उटणे. आज त्याच दुकानात कडुनिंबाचे, कोळशाचे, केशराचे, पपईचे, तांदळाच्या पाण्याचे आणि 'व्हिटॅमिन सी'चे फेसवॉश रांगेने उभे असतात, आणि वर दोरीला लहान पुड्यांच्या माळा लोंबत असतात.

आपल्या व्यापारी घराण्यांत मालाची पारख ही अंगवळणी पडलेली विद्या आहे. तांदूळ हातात घेताच तो नवा की जुना हे सांगता येते. तेलाचा डबा उघडताच वासावरून भेसळ कळते. हळद कोठली, गूळ कोठला, हे विचारावे लागत नाही. फेसवॉशच्या नळीपुढे मात्र ही सारी विद्या थबकते. नळीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत तीस-चाळीस नावे असतात, ती रोमन लिपीत असतात, आणि विकणारा व घेणारा दोघेही पुढच्या बाजूचे पान-फुलाचे चित्र पाहून व्यवहार पुरा करतात. जैन घरात या अडाणीपणाची किंमत दुहेरी पडते. एक तर त्वचेचा प्रश्न. आणि दुसरा, त्याहून जुना, की ही वस्तू कोणत्या जिवाच्या अंगातून आली आहे.

हा दुसरा प्रश्न आधुनिक नाही. उपासकदशांग या आगमाच्या पहिल्याच अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा भांडारात, चार कोटी व्याज-व्यापारात, चार कोटी घरसंसारात, अशी ज्याची स्थिती, असा हा गृहस्थ भगवान महावीरांसमोर व्रते घेतो, आणि भोगोपभोगाची मर्यादा ठरवताना आपल्या न्हाणीघराचीच यादी वाचू लागतो. अंग पुसायचा पंचा कोणता, दातवण कोणत्या काष्ठाचे, केस धुण्यास फळ कोणते, मर्दनासाठी तेल कोणते, उटणे कोणते, स्नानाला पाणी किती घडे. बहुतेक बाबतीत तो एक प्रकार ठेवतो आणि बाकीचे सोडतो. एवढ्या मोठ्या धनिकाने उटण्याच्या एका प्रकारावर थांबावे, ही गोष्ट आगमकारांना नोंदवण्याजोगी वाटली. आजच्या एखाद्या घरातील न्हाणीघराच्या कट्ट्यावर माणशी दोन याप्रमाणे आठ नळ्या उभ्या दिसतात, तेव्हा आनंदाची ती यादी आठवल्यावाचून राहत नाही.

चरबीचा इतिहास

साबण म्हणजे मुळात स्निग्ध पदार्थ आणि दाहक क्षार यांचा संयोग. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की साबण तयार होतो आणि ग्लिसरीन सुटे होते. तेल कोणतेही चालते, चरबीही चालते. गुरांची चरबी कत्तलखान्याचा टाकाऊ माल म्हणून स्वस्त मिळे, आणि तिच्या साबणाची वडी घट्ट व टिकाऊ होई, म्हणून युरोपातील साबण-उद्योग दीर्घकाळ तिच्यावर उभा होता. हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती साबणाकडे सोवळ्या घरांनी संशयाने पाहिले, ते यामुळेच. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १९१८-१९च्या सुमारास 'चावी' नावाचा साबण काढला, तो प्राण्यांच्या चरबीवाचून, वनस्पती तेलापासून केलेला म्हणून नावाजला गेला. कुलपे आणि तिजोऱ्या करणाऱ्या कारखानदाराला हे सुचले, याचे कारण स्वदेशीची हवा तर होतेच. परंतु गिऱ्हाइकाच्या मनातील सल त्याने नेमका ओळखला, हेही होते.

यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी, १९८३ साली, वनस्पती तुपात आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. त्या वर्षी कित्येक घरांनी वनस्पती तुपाचे डबे उकिरड्यावर रिकामे केले. सरकारने अशा चरबीच्या आयातीवर बंदी घातली आणि देशातील साबण-उद्योग पामतेल, कोंड्याचे तेल, खोबरेल यांच्याकडे अधिकाधिक वळला. म्हणून आज देशी बनावटीच्या बहुसंख्य वड्यांवर 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम पाम कर्नलेट' अशी नावे आढळतात. ती ताडाच्या जातीच्या तेलांची होत. 'सोडियम कोकोएट' खोबरेलाचे. 'सोडियम टॅलोएट' हे नाव दिसले, तर ती गुरांची चरबी होय, त्यात शंकेला जागा नाही. 'सोडियम लार्डेट' ही डुकराची. परदेशी वड्यांवर, विशेषतः आखातातून किंवा विमानतळावरून आप्तांनी आणलेल्या भेटीच्या पाकिटांत, टॅलोएट आजही सापडते. भेट देणाऱ्याचे प्रेम खरे असते. वडी मात्र वेष्टन वाचूनच न्हाणीघरात न्यावी.

यादी कशी वाचावी

सौंदर्यप्रसाधनांचे नियम २०२० साली नव्याने आले. त्यांत घटकांच्या यादीचा क्रम ठरवून दिलेला आहे. एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, पण हव्या त्या क्रमाने. या शेवटच्या सवलतीत व्यापारी चातुर्याला मोठे अंगण मिळाले आहे. कडुनिंबाचा अर्क अर्धा टक्का असो की शंभरावा हिस्सा असो, तो एक टक्क्याखालील गटात सर्वांत पुढे लिहिता येतो. ही युक्ती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. 'फिनॉक्सिइथेनॉल' हे टिकाऊपणासाठी घालायचे द्रव्य आहे आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. यादीत हे नाव जेथे आले, त्याच्या पुढचे सारे एक टक्क्याच्या आतले. केशर, चंदन, मोती, पपई ही नावे फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे रांगेत उभी असतील, तर ती शोभेसाठी आलेली पाहुणेमंडळी समजावीत.

तथापि कळंबसारख्या गावात याहून मोठी अडचण निराळीच आहे. याच नियमांप्रमाणे ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव आवेष्टनावर, आणि घन वा निमघन पदार्थाच्या ३० ग्रॅमपेक्षा लहान आवेष्टनावर घटकांची यादी देणे बंधनकारक नाही. दहा-वीस रुपयांची जी पुडी वाडीवरची मुलगी घेऊन जाते, तिच्यावर मोठ्या नळीचे चित्र असते, मोठ्या नळीचे नाव असते, यादी मात्र बहुधा नसते. ज्याच्या हाती पैसा कमी त्याला माहितीही कमी, असा हा उफराटा न्याय. दुकानात मोठी नळी असेल तर तिची यादी पाहून पुडीविषयी बोलता येते. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहणे एवढाच उपाय उरतो.

पाण्याचे नाव बहुतेक वेळा सर्वांत आधी येते, 'अ‍ॅक्वा' म्हणून. शंभर ग्रॅमच्या नळीत अर्ध्याहून अधिक पाणीच असते. त्याच्या पाठोपाठ जे दोन-तीन घटक येतात, तेच खरे काम करणारे. मागची सारी नावे एकीकडे आणि ही दोन-तीन एकीकडे.

फेस आणणारे द्रव्य

तेलकट मळ नुसत्या पाण्याने जात नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांना जवळ करीत नाहीत. दोघांचे हात धरणारे तिसरे द्रव्य लागते. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाकडे ओढले जाते, दुसरे पाण्याकडे. मळाचा कण मधोमध सापडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. साबण हे असे जुने द्रव्य. नव्या फेसवॉशमध्ये साबणाऐवजी दुसरी अनेक आली आहेत.

त्यांत सर्वांत परिचित 'सोडियम लॉरेथ सल्फेट'. त्याचे नावबंधू 'सोडियम लॉरिल सल्फेट' अधिक कडक आहे. इतके, की त्वचेचा दाह मोजण्याच्या प्रयोगांत त्वचारोगतज्ज्ञ मुद्दाम तेच वापरतात. लॉरेथ त्या मानाने सौम्य. दोघांचे मूळ बहुधा पाम-गराच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात असते, म्हणून जीवदयेच्या अंगाने त्यांच्याविषयी फारशी शंका नाही. आक्षेप घ्यायचा तर कोरड्या त्वचेच्या बाजूने. 'कोकामिडोप्रोपिल बीटेन' हे खोबरेलापासून केलेले सहायक द्रव्य, ते सल्फेटचा कडकपणा कमी करते. 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' आणि 'सोडियम कोकोइल ग्लुटामेट' ही त्याहून मऊ, व महाग.

ही द्रव्ये दूरच्या कोणत्या देशात तयार होतात असे समजण्याचे कारण नाही. नवी मुंबईत कचेरी असलेली गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स ही कंपनी नेमकी हीच द्रव्ये करते, आणि तिचा एक कारखाना तळोज्याला, म्हणजे याच रायगड जिल्ह्यात, आहे. देशोदेशीच्या शाम्पू-फेसवॉशचा फेस तेथून पिंपांतून जातो. कळंबच्या दुकानातील नळीत जे उतरते त्याचा मूळ भाग कदाचित पन्नास-साठ किलोमीटरच्या आतच तयार झालेला असतो. किमतीतील फरक मग येतो कोठून, हा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःला विचारून पाहण्यासारखा आहे. सुगंध, नळी, जाहिरात आणि दलाली यांचा त्यात वाटा मोठा असतो.

'सल्फेट-फ्री' लिहिलेली नळी सौम्यच असेल असे नाही. त्यांतील काहींत 'सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट' असते. ते सल्फेट नाही, हे अक्षरशः खरे. पण तेल ओढून घेण्यात ते कोणाला हार जात नाही. 'पॅराबेन-फ्री'चेही तसेच. पॅराबेन काढले की टिकाऊपणासाठी दुसरे काही घालावेच लागते, नाहीतर ओलसर नळीत बुरशी धरते. काही उत्पादकांनी 'मिथाइलआयसोथायाझोलिनोन' घातले, आणि त्याची अ‍ॅलर्जी इतक्या जणांना झाली की अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्यालाच त्या वर्षीचा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरवले. जे नाही ते ठळक छापणाऱ्या नळीवर, त्याच्या जागी काय आले हे शोधावे.

साबणाची वडी आणि फेसवॉश यांतला खरा भेद आम्लतेचा आहे. निरोगी त्वचेचा सामू साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल. साबणाचा नऊ ते दहा. साबणाने तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते ती त्यामुळे. तरुण तेलकट चेहरा हा धक्का सहज पचवतो. पन्नाशीनंतरची त्वचा, किंवा ज्यांना इसब आहे त्यांची त्वचा, तक्रार करते. पाणी जड असेल तर साबणाचा चोथा होऊन तो चेहऱ्यावर बसतो. कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. नव्या द्रव्यांना जड पाण्याची तितकी बाधा होत नाही. ज्यांना वडीच हवी, त्यांनी 'टीएफएम' हा आकडा पाहावा. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत हा स्निग्धांश किमान ७६ टक्के, दुसरीत ७०, तिसरीत ६०. वेष्टनावर साबणाऐवजी 'बाथिंग बार' लिहिले असेल तर किमान ४० टक्केसुद्धा चालतो. एकाच फळीवर, सारख्याच रंगाच्या कागदात, दोन्ही शेजारी असतात.

मुरुमांसाठी 'सॅलिसिलिक अ‍ॅसिड' असलेला फेसवॉश उपयोगी पडू शकतो. त्याचे प्रमाण साधारणतः दोन टक्क्यांपर्यंत असते. मुख्य अडचण वेळेची. फेसवॉश चेहऱ्यावर राहतो अर्धा मिनिट. तेवढ्यात मळ निघतो. जीवनसत्त्वे त्वचेत झिरपण्यास सवड नसते. मोठ्या किमतीचे घटक असलेला फेसवॉश म्हणजे ते घटक मोरीला पाजणे होय. ज्याला त्यांचाच गुण हवा, त्याने ते लावून ठेवायच्या मलमात शोधावेत. मुरुम गाठीचे असतील, डाग राहत असतील, तर दुकान सोडून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे श्रेयस्कर. दिवसातून चार-चार वेळा तोंड धुऊन मुरुम जात नाहीत. कातडी मात्र सोलवटते.

हिरव्या ठिपक्याचा पल्ला

खाद्यपदार्थांवर हिरवा किंवा तपकिरी ठिपका २००१ सालापासून येऊ लागला. त्या मागणीसाठी झटणाऱ्यांत पुण्याची 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था अग्रभागी होती. डायना रत्नागर यांनी १९७४ मध्ये तिची भारतीय शाखा पुण्यात सुरू केली, आणि सौंदर्यप्रसाधनांत कोणकोणते प्राणिज पदार्थ दडलेले असतात याची माहिती घरोघर पोहोचवण्याचे काम तिने अनेक वर्षे केले. प्रसाधनांवरही असाच ठिपका असावा, यासाठीचा लढा न्यायालयात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली, प्राणिज घटक असलेल्या प्रसाधनांवर व जीवरक्षक नसलेल्या औषधांवर खूण असावी, असा आदेश दिला. साबण-उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१३ साली तो आदेश रद्द झाला. नियम घडवणे हे सरकारचे काम, न्यायालयाचे नव्हे, या कारणाने. लगेच २०१४ मध्ये केंद्राने वैधमापनाच्या नियमांत साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि प्रसाधनांसाठी ठिपक्याची तरतूद केली. तिलाही उद्योगाने आव्हान दिले. पुढे २०२१ साली औषध नियंत्रणाच्या केंद्रीय यंत्रणेने ठिपका स्वेच्छेने छापावा, असा सल्ला उत्पादकांना दिला. म्हणून आज काही नळ्यांवर ठिपका असतो आणि काहींवर नसतो. ठिपका नसणे म्हणजे प्राणिज घटक असणे, असा अर्थ लावता येत नाही. आणि नसणे म्हणजे शुद्ध, असाही नाही.

जैन घराने ठिपक्याचा आणखी एक मर्म ओळखला पाहिजे. खाद्यपदार्थांच्या नियमांत 'मांसाहारी'ची व्याख्या करताना दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख ही वगळली आहेत. मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो, तो यामुळेच. मद्य, मांस, मध आणि लोणी या चार महाविगयींत मध गणणाऱ्याला हा हिरवा रंग पुरेसा नाही. प्रसाधनाच्या यादीत मध 'मेल' किंवा 'हनी' या नावाने येतो, मेण 'सेरा अल्बा' या नावाने. 'व्हीगन' खूण असेल तर दोन्ही नसतात, दूधही नसते. 'क्रुएल्टी-फ्री' ही खूण तिसऱ्याच गोष्टीविषयी बोलते, प्राण्यांवरील चाचणीविषयी; त्या नळीत मध असू शकतो. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ सालापासून बंदी आहे, आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही बंदी झाली.

उघड नावाची प्राणिज द्रव्ये ओळखणे कठीण नाही. 'कार्माइन' अथवा 'सीआय ७५४७०' हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढतात. 'सीआय ७५१७०', म्हणजे ग्वानिन, ही माशांच्या खवल्यांतील चमक. 'लॅनोलिन' मेंढीच्या लोकरीतील मेण. 'हायड्रोलाइज्ड सिल्क' रेशमाच्या कोशांतून. 'कोलॅजेन' आणि 'केराटिन' यांची नावेच बोलतात. काळ्या फेसवॉशमधील कोळसा सहसा नारळाच्या करवंटीचा किंवा बांबूचा असतो, पण 'सीआय ७७२६७' हा हाडांचा कोळसा होय. मोत्याची भुकटी कालवातून येते, हे 'मोती' शब्दाच्या गोडव्यात विसरायला होते.

कठीण आहेत ती दोन तोंडांची नावे. ग्लिसरीन, स्टिअरिक अ‍ॅसिड, मायरिस्टिक अ‍ॅसिड, ग्लिसेरिल स्टिअरेट. ही पामतेलातूनही निघतात आणि चरबीतूनही. रेणू दोन्हीकडून सारखाच. प्रयोगशाळेलासुद्धा मूळ सांगणे सोपे नाही, मग अक्षरांना काय सांगता येणार. भारतीय उत्पादकांचा कल वनस्पतीकडे आहे एवढे खरे, पण यादी त्याची हमी देत नाही. येथे ठिपका किंवा उत्पादकाचा लेखी खुलासा, यांपैकी एक हवे.

आणि वनस्पती म्हटले की जैन घरात विचार संपत नाही. बत्तीस अनंतकायांच्या गणनेत ओली हळद, आले, गुळवेल यांच्याबरोबर कुंवार, म्हणजे आपली कोरफड, आहे. आज तर कोरफडीवाचून एकही नळी सापडत नाही. अनंतकायाचा त्याग मुख्यतः आहाराविषयी आहे, हे खरे. परंतु कोरफडीचे ताजे पान कापून गर चेहऱ्यावर चोळणे आणि एक टक्क्याच्या आतला सुका अर्क नळीत असणे, यांत फरक करणारी घरे आहेत, तशीच दोन्ही वर्ज्य मानणारीही. आपल्या गुरुभगवंतांना विचारून हे ठरवावे. ते नळीवर लिहिलेले सापडणार नाही.

घरचे उटणे

यावर अनेक ज्येष्ठ भगिनींचे उत्तर तयार असते: हे सारे सोडा, डाळीचे पीठ लावा. उत्तर चांगले आहे, पण त्यालाही पोटनियम आहेत. बेसन कच्च्या दह्यात वा दुधात कालवले की ते द्विदल होते. ताटात जे चालत नाही ते वाटीत कालवताना हात कचरतोच. गुलाबपाण्यात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावे, म्हणजे प्रश्न उरत नाही. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चातुर्मासात हवा इतकी दमट, की पिठाच्या डब्यात आठवड्यात अळी दिसते. चेहऱ्यासाठी म्हणून बरणीभर उटणे करून ठेवणे आणि मग ती बरणी जिवांसकट मोरीत उलथणे, यापेक्षा नळी बरी. मूठभर करावे, चार दिवसांत संपवावे.

त्वचेच्या दृष्टीने डाळीचे पीठ तेल शोषते आणि हलके घासते. मसूर डाळीचेही तसेच. कर्जत हे भात-संशोधनाचे जुने केंद्र, आणि येथील तांदळाची पिठी उटण्यात घालण्याची रीत घरोघर आहे. ती वस्त्रगाळ असावी, रवाळ असली की ओरखडे येतात. रिठ्यात निसर्गतः फेस आणणारे द्रव्य असते, पण डोळ्यांत गेले तर जबर झोंबते. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला ठीक, कोरड्याला नाही. आणि लिंबू थेट चेहऱ्यावर चोळण्याचा उपाय घरचा असला तरी वाईट आहे. उन्हात गेल्यावर काळे डाग पडतात.

काउंटरच्या या बाजूला

व्यापारी कुटुंबासमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो गिऱ्हाइकापुढे नसतो. स्वतः वापरायचे नाही, पण विकायचे काय? श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, ज्यात प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार येतो. रसवाणिज्य आहे, ज्यात मध, मद्य, चरबी, लोणी येतात. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात यांचे विवेचन केले आहे. टॅलोएटची आयात वडी काउंटरवर ठेवणे यांत बसते की नाही, हा प्रश्न पोकळ तर्काचा नाही. फळीवरची एक वस्तू कमी केल्याने कळंबच्या दुकानाचा गल्ला बुडत नाही. गिऱ्हाईक शेजारची नळी उचलते.

कायद्याने प्रसाधनांच्या किरकोळ विक्रीला परवाना लागत नाही. तो उत्पादनाला लागतो, आणि आयातीला नोंदणी लागते. म्हणूनच दुकानदाराची नजर हीच शेवटची चौकी ठरते. नळीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, 'एम. एल.' या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत हवी. आयात मालावर 'आरसी' क्रमांक. हे नसलेला माल, विशेषतः 'आठ दिवसांत गोरेपणा' सांगणारा, कमिशन कितीही असो, परत पाठवावा. अशा काही मलमांत पारा असतो. कायद्याने तो घालता येत नाही, अजाणता राहिलेला अंशसुद्धा सर्वसाधारण प्रसाधनांत दहा लाखांत एक भाग एवढाच क्षम्य आहे. अकोल्यातील एका तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३च्या आरंभी उजेडात आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता माग एका गोरेपणाच्या मलमापर्यंत पोहोचला आणि त्यात पारा निघाला. तिघीही एकाच डबीतले मलम वापरीत होत्या.

राहिला दोन तोंडांच्या नावांचा उलगडा. प्रत्येक आवेष्टनावर ग्राहक-सेवेचा पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल छापणे नियमाने आवश्यक आहे, आणि तो ई-मेल फार थोडे लोक वापरतात. ज्या दुकानात महिन्याला एखाद्या कंपनीची दोन-चार खोकी खपतात, त्या दुकानाच्या पत्राला एकट्या गिऱ्हाइकाच्या पत्रापेक्षा वजन असते. विचारायचे थोडेच: यातील ग्लिसरीन आणि स्टिअरिक अ‍ॅसिड कशापासून काढले आहे, मध, मेण, रेशीम वा मोती यांपैकी काही आहे काय, आणि लाल वा काळ्या रंगाचा सीआय क्रमांक कोणता. उत्तर लेखी मागावे, त्यावर तारीख असावी, आणि ते दुकानाच्या फायलीत लावावे. दूरध्वनीवरून मिळणारे 'व्हेजच आहे हो' हे उत्तर पुढच्या बॅचला लागू पडतेच असे नाही, कारण कच्चा माल पुरवणारा मध्येच बदललेला असू शकतो. वर्षातून एकदा, चोपड्यांच्या पूजनाच्या सुमारास, ती फाईल काढून तेच प्रश्न पुन्हा पाठवावेत.